कडोदऱ्यात मिस मार्पल

खून व्हावा, पण रक्त फारसं दिसू नये. पोलीस यावेत, पण त्यांना काही उमगू नये. मग विणकाम करत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून खुनी दाखवावा, आणि त्यानेही मुकाट्याने कबूल करावं. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल 1927 साली एका कथेतून आली, 1930 साली कादंबरीत शिरली, आणि पुढे तिच्या 12 कादंबऱ्या झाल्या. तिच्या एवढ्याशा गावात इतके खून कसे, हा वाचकांचा ठरलेला आक्षेप. तो जरा अन्यायाचाच आहे, कारण बाई हॉटेलात, बसच्या सहलीत, अगदी कॅरिबियन बेटावरही प्रेतांना सामोऱ्या जातात.

माझा आक्षेप वेगळा आहे, पण त्याआधी पुण्याचा एक खटला सांगतो.

नोव्हेंबर 1956. लक्ष्मीबाई कर्वे या सधन, आजारी विधवा आपले डॉक्टर अनंत लागू यांच्याबरोबर रात्रीच्या पॅसेंजरने मुंबईला निघाल्या. पहाटे लागूंनी त्यांना बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केलं, तेही भलत्याच नावाने. दुपार व्हायच्या आत बाई गेल्या, आणि प्रेत बेवारस पडून राहिलं. इकडे नातेवाइकांना बाईंची पत्रं येऊ लागली: मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलंय, मला शोधू नका. दरम्यान बाईंची मालमत्ता डॉक्टरांच्या घशात जात होती. अखेर बाईंचं असं गायब होणं ओळखीच्यांना खटकलं. शवविच्छेदनात विषाचा मागमूस लागला नाही. तरीही 14 डिसेंबर 1959 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने लागूंची फाशी कायम केली. विष सापडलं नाही तरी परिस्थितीच्या पुराव्यावर विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, असं बहुमताने म्हटलं. पहिल्या महायुद्धात दवाखान्यात औषधं बनवता बनवता विषं शिकलेल्या ख्रिस्तीबाईंनाही हे कथानक जरा ताणलेलं वाटलं असतं.

म्हणजे खून पटतो. माणसाचं गायब होणं ओळखीच्यांना खटकतं, हेही पटतं. पटत नाही तो शेवट. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं 25वं कलम आता भारतीय साक्ष अधिनियमात 23वं झालं, इतकंच. दिवाणखान्यात पोलिसांसमोर कोसळलेला खुनी दुसऱ्या दिवशी वकिलाला भेटतो आणि सारं नाकारतो.

मग अशी कादंबरी कडोदऱ्यात घडवायची तर? सुरत जिल्ह्यातलं पलसाणा तालुक्यातलं हे गाव. मुंबई-दिल्ली महामार्ग आणि हजिऱ्याहून बारडोली, नवापूरवरून धुळ्याकडे जाणारा रस्ता इथे चौकात एकमेकांना छेदतात. भोवती कापडाच्या गिरण्या, त्यांत ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि आपल्या खानदेशातून आलेले कामगार. अशा ठिकाणी पहिला प्रश्न खुनी कोण हा नसतो, मेलेला कोण हा असतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या. एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपतात. शेजारच्या अंथरुणावरच्याचं आडनाव ठाऊक असेलच असं नाही. आणि संशयास्पद मृत्यूच्या पंचनाम्याला कायदा परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी मागतो! जिथे बहुतेक जण भाड्याच्या खोलीत, तिथे हवालदार बहुधा समोरच्या चहावाल्याला आणि किराणावाल्याला हाक मारणार.

तरी मार्पलची जागा रिकामी नाही. चाळीच्या ओट्यावर मांडीवर साडी पसरून, डिंकाचं बोट फिरवत एकेक टिकली चिकटवणारी खानदेशी आजी घ्या. मजुरी नगावर, त्यामुळे हात थांबत नाहीत आणि नजर मात्र मोकळी. नवा पोरगा दिसला की तिचा पहिला प्रश्न, "कोना पोऱ्या शे?" मग गाव, भाऊबंद, मामाकडचं कूळ. रातपाळीचा माणूस सकाळी उशिरा का आला, कुणाच्या खोलीत अचानक नवा कूलर कुठून आला, हे तिला कळतं. आणि खात्री करायची तर धुळ्याकडच्या बसने जाणारा कुणीतरी असतोच. लागू प्रकरणात ओळखीच्यांना जे खटकलं, तसलंच हे.

पण आजी खुनी दाखवून मोकळी होणार नाही. ती साक्षीदार होईल. पिंजऱ्यात उभी राहील, आणि आरोपीचा वकील आधी विचारेल की आजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं? तारखा पडतील. प्रत्येक तारखेला तिची दिवसाची मजुरी बुडेल.