दुकान वडगावात, गिऱ्हाईक गूगलवर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगाव परिसरातला गूळ, काकवी किंवा चप्पल वेबसाइटवरून थेट पुण्या-मुंबईच्या घरात पोचू शकते, ही मोठी सोय आहे. पण अशा विक्रीच्या पानांची शीर्षके पाहावीत, तर ‘होम’, ‘प्रॉडक्ट 3’ किंवा नुसतेच दुकानाचे नाव. गूगलवर शोधल्यावर ठळकपणे दिसणारी ओळ बहुतेक वेळा याच शीर्षकातून येते आणि गिऱ्हाईक आधी तीच वाचते. माल अस्सल असूनही एका ओळीपायी तो कुणाला सापडू नये, याचे वाईट वाटते. यामागे आळसापेक्षा ऐकीव सल्लेच जास्त असतात.

गैरसमज: जितके शब्द कोंबू तितके बरे. ‘गूळ, बेस्ट गूळ, स्वस्त गूळ, कोल्हापुरी गूळ ऑनलाइन’ असे शीर्षक गिऱ्हाइकाला संशयास्पद वाटते आणि गूगललाही. असे शीर्षक बाजूला ठेवून गूगल पानावरचा मोठा मथळा किंवा दुसरा मजकूर दाखवू शकते. आपण दिलेले शीर्षक सुमारे 87 टक्के वेळा वापरले जाते, असे गूगलने 2021 मध्ये सांगितले होते. उरलेल्या वेळी ओळ आपल्या हातात राहत नाही. पानाच्या कोडमध्ये कीवर्ड्सचा (शोधशब्दांचा) वेगळा मेटा टॅग भरून देण्याचे पैसे कुणी मागत असेल, तर देऊ नयेत. क्रमवारी ठरवताना गूगल तो टॅग पाहत नाही, हे त्याने 2009 मध्येच जाहीर केले आहे.

गैरसमज: आपण जे म्हणतो तेच गिऱ्हाईक शोधते. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होते. कोल्हापूरच्या गूळबाजारात ‘रवा’ म्हणजे गुळाची मोठी ढेप. मुंबईतली गृहिणी ‘रवा’ शोधते ती उपम्यासाठी. चपलेला आपण प्रेमाने ‘पायताण’ म्हणतो, पण बाहेरचा माणूस ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधतो, त्यातही पुरुषांची की बायकांची हे लिहून शोधतो. म्हणून शीर्षकात आधी गिऱ्हाइकाचा शब्द, मग प्रकार आणि वजन किंवा माप, शेवटी दुकानाचे नाव. नावाआधीचा भाग असा: ‘कोल्हापुरी गूळ, 1 किलो ढेप’, ‘कापशी कोल्हापुरी चप्पल, पुरुषांसाठी’. ‘रवा’, ‘पायताण’ हे आपले शब्द पानावरच्या वर्णनात जरूर यावेत. ते जाणणारे गिऱ्हाईकही असतेच.

गैरसमज: शीर्षक बरोबर 60 अक्षरांचेच हवे. गूगलने अशी मर्यादा घातलेली नाही. ओळ कापली जाते ती पडद्याच्या रुंदीप्रमाणे. शिवाय संगणक काना, मात्रा, वेलांटी यांनाही वेगवेगळे चिन्ह धरतो, त्यामुळे मराठीत ही मोजणी आणखीच फसवी ठरते. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला घ्यावेत, एवढे पुरे.

गैरसमज: पान मराठीत असले तरी शीर्षक इंग्रजीतच हवे. शीर्षकाची भाषा आणि लिपी पानाच्या मुख्य मजकुराशी जुळावी, असे गूगलच सुचवते. दोन्ही भाषांचे गिऱ्हाईक हवे असेल तर दोन स्वतंत्र पाने करावीत.

गैरसमज: ‘कोल्हापुरी’ हा शब्द कुणीही कशावरही लावावा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. कोल्हापूरच्या गुळालाही हे मानांकन आहे. दुसरीकडच्या मालाच्या शीर्षकात ते नाव घातले, तर इथल्या कारागिराच्या आणि गुऱ्हाळवाल्याच्या हक्काला धक्का लागतो आणि कायद्याचा प्रश्नही उभा राहतो. ‘सेंद्रिय’ या शब्दालाही अन्नसुरक्षा कायद्याखालचे प्रमाणपत्राविषयीचे नियम लागू आहेत.

गावाच्या नावाचेही थोडे तारतम्य हवे. नुसते ‘वडगाव’ लिहिले तर मावळ, बुद्रुक, शेरी अशी पुण्याकडची वडगावेही त्यात येतात. दुकानात प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठीच्या पानावर ‘पेठ वडगाव, कोल्हापूर’ असे पूर्ण नाव द्यावे. कुरिअरने जाणाऱ्या मालाच्या पानावर ‘कोल्हापूर’ पुरते.

दहा वस्तूंच्या दहा पानांना एकच शीर्षक ठेवू नये. शीर्षक बदलल्यावर निकालात फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. तोवर गूगलच्या मोफत सर्च कन्सोलमध्ये लोक नेमके कोणते शब्द टाकून आपल्या पानापर्यंत येतात ते पाहावे आणि पुढचे शीर्षक त्या शब्दांतून लिहावे.