फिरत्या केंद्रकाचा आकार

शाहपूर-बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात केळीला पोटॅश किती द्यायचं, यावर बांधावर बसून तासभर वाद चालू शकतो. त्या पोटॅशमधल्या पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत जेमतेम एक अणू किरणोत्सारी असतो, पोटॅशियम-40. त्याच्या दर दहा विघटनांतलं साधारण एक आर्गॉन-40च्या उत्तेजित केंद्रकापाशी पोचतं आणि ते केंद्रक 1461 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडून शांत होतं. (केळं टाकून देऊ नये, हेच पोटॅशियम खाणाऱ्याच्या अंगातही असतंच.)

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गॅमा किरण मोजणाऱ्यांना ही 1461ची रेघ नको असतानाही भेटते, कारण भिंतींच्या सिमेंट-वाळूतही पोटॅशियम आहे. त्यांना हवी असतात ती लांबट, विरूपित केंद्रकं. ती जोरात फिरवायची, तर अणुकेंद्रकीय अभिक्रियाच घडवावी लागते.

त्यासाठीचं पेलेट्रॉन हे त्वरक यंत्र 1988च्या अखेरीस सुरू झालं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचं ते सामाईक यंत्र. धातूच्या गोळ्यांची साखळी विद्युतभार वाहून नेते आणि उभ्या टाकीच्या मध्यावर 1 कोटी 40 लाख व्होल्टपर्यंतचा दाब तयार होतो. वरून सोडलेले ऋण आयन त्याच्या ओढीने खाली धावतात, कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावून धन होतात, आणि मग तोच दाब त्यांना पुढे ढकलतो. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा! 2007 मध्ये जोडीला अतिसंवाहक रेषीय त्वरक (लिनॅक) पूर्ण झाला, त्यामुळे जड आयनांनाही पुरेसा वेग मिळू लागला.

हे आयन लक्ष्यातल्या केंद्रकावर आदळून एकजीव होतात. तापलेलं नवं केंद्रक आधी काही न्यूट्रॉन फेकतं आणि उरलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने पायरी-पायरीने सोडतं. किरण टिपायला ‘इंगा’ हा संच असतो. त्याच्या प्रत्येक क्लोव्हर शोधकात जर्मेनियमचे चार स्फटिक द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेले असतात. इतकं महागडं साहित्य एकाच संस्थेने कुलपात ठेवलेलं नाही. ते मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या त्वरकांवर पाळीपाळीने लागतं. विज्ञानातली ही भागीदारी यंत्राइतकीच कौतुकाची.

पण किरणांच्या ऊर्जेवरून आकार कसा कळतो? पूर्ण गोल केंद्रकाच्या एकत्रित फिरण्याला पुंजयामिकीत अर्थच उरत नाही. डाग नसलेला पांढरा चेंडू फिरतोय की थांबलाय, कसं ओळखणार? लांबट केंद्रकाचं फिरणं मात्र ओळखू येतं आणि त्याच्या ऊर्जापातळ्या ठरावीक प्रमाणात चढतात. एर्बियम-166 घ्या. पहिली पातळी 81 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर. न ताणणाऱ्या लांबट वस्तूचं गणित सांगतं की पुढच्या दोन सुमारे 269 आणि 564 वर हव्यात. प्रयोगात त्या 265 आणि 545 वर सापडतात. जुळणी छान आहे, पण तूट त्याहून बोलकी: वेग वाढतो तसं केंद्रक आतून बदलतं. अशा सामूहिक हालचालींचा सिद्धान्त उभारल्याबद्दल ओगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना 1975चं नोबेल मिळालं.

सगळ्यात देखणा पुरावा 1986 मध्ये इंग्लंडच्या डेअर्सबरी प्रयोगशाळेत हाती आला. कॅल्शियम-48चा झोत पॅलेडियम-108वर पडला, चार न्यूट्रॉन उडाले आणि डिस्प्रोसियम-152 उरलं. पीटर ट्विन यांच्या गटाला गॅमा वर्णपटात एकोणीस रेघा दिसल्या, एकीपासून दुसरी जवळजवळ नेमकी 47 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर. या अंतरावरून केंद्रकाचा आकार निघाला: लांबी रुंदीच्या सुमारे दुप्पट! फक्त हे अतिविरूपित केंद्रक साध्या आकारात परत कुठून उतरतं, ती वाट सापडेना, त्यामुळे पातळ्यांची खरी उंचीही कळेना. 4011 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा तो जोडणारा किरण अमेरिकेतल्या गॅमास्फिअर संचाने टिपला. निष्कर्ष छापून आले तेव्हा 2002 उजाडलं होतं.