कानातला मळ: कोरू नका, मऊ करा

आंघोळ झाल्यावर कानाला दडे बसतात, कमी ऐकू येतं आणि हात आपसूक कापसाच्या काडीकडे जातो. काडी नसेल तर केसातली पिन असतेच. पण अडकलेला मळ बऱ्याचदा याच सवयीमुळे अडकलेला असतो.

मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार होतो तो तिच्या फक्त बाहेरच्या भागात. तो किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू आणि बुरशीला आवर घालतो, पाणी मुरू देत नाही. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळालाही सोबत आणते. काडी त्याला उलट आत ढकलते. आतली त्वचा इतकी पातळ असते, की जरा खरचटलं तरी रक्त येतं.

मळ घट्ट बसलाच तर आधी तो मऊ करावा. कुशीवर झोपून, बंद झालेला कान वर ठेवून सोडियम बायकार्बोनेटचे किंवा ऑलिव्ह तेलाचे काही थेंब घालावेत आणि पाच-दहा मिनिटं पडून राहावं. असं तीन ते पाच दिवस करावं. मळ फुगल्याने सुरुवातीला दडे वाढल्यासारखे वाटतात; घाबरू नये. अमुकच थेंब सरस, असा ठोस पुरावा वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यातही मिळाला नाही. मात्र पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर स्वतःहून थेंबही नको आणि पाणीही नको.

एवढ्याने भागलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ पिचकारीने कान धुतात. पाणी 37 अंशांच्या आसपासच हवं. ते थंड किंवा गरम असलं तर आतल्या तोल सांभाळणाऱ्या नलिका चाळवतात आणि गरगरतं. पडदा फाटलेला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत मळ ओढून घेतात. कानात लावायच्या मेणबत्त्यांनी मळ निघत नाही, भाजतं मात्र. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 मध्येच त्याबद्दल सावध केलं आहे.

आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळच असेल असं धरून थेंब घालत बसू नका. आतल्या कानाच्या नसेचा तो विकार असू शकतो आणि त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.