नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षांची तयारी : पुस्तक आणि चित्रफीत यांची परस्परपूरकता

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात विद्यापीठीय पदवीबरोबरच उद्योगसंस्थांच्या प्रमाणपत्रांनाही महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. संगणकांची जाळी उभारणे, ती चालू ठेवणे आणि त्यांतील दोष शोधणे या कामासाठी उमेदवार निवडताना अशा प्रमाणपत्राची विचारणा अनेकदा होते. सिस्को या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई हे तज्ज्ञ पातळीवरील प्रमाणपत्र सुरू केले आणि १९९८ मध्ये सीसीएनए हे प्रारंभीच्या पातळीवरील प्रमाणपत्र आणले. कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस ही परीक्षा १९९९ पासूनची आहे.

प्रारंभीच्या काळात या परीक्षांची तयारी म्हणजे जाडजूड पुस्तकांचे पारायण असे समीकरण होते. पुढे सीबीटी नगेट्ससारख्या संस्थांच्या चित्रफिती सीडीवर मिळू लागल्या आणि त्यानंतर यूट्यूबवर संपूर्ण अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध झाले. परिणामी पुस्तकाला हातही न लावता परीक्षेस बसणारा विद्यार्थी आज महाविद्यालयात दिसतो. आणि चित्रफितीला मनोरंजनाच्या पंक्तीत बसवून केवळ पुस्तकाचा आग्रह धरणारा अध्यापकही दिसतो. या दोन्ही भूमिका एकांगी आहेत. नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमातील सर्व घटक एकाच प्रकारचे नसतात. काही घटक पाहून समजतात, काही वाचून व लिहून पक्के होतात आणि बहुतेक सर्व घटक स्वतः करून पाहिल्यानंतरच आत्मसात होतात. कोणत्या घटकासाठी कोणते साधन आधी व कोणते नंतर वापरावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात सीसीएनए परीक्षेच्या आधारे केले आहे.

१. परीक्षेचे स्वरूप :

सीसीएनएची २००-३०१ या क्रमांकाची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून घेतली जाते. तत्पूर्वी सुरक्षा, बिनतारी जाळी इत्यादी शाखांची स्वतंत्र सीसीएनए प्रमाणपत्रे होती. त्यांच्या जागी हे एकच प्रमाणपत्र आले. परीक्षेचा कालावधी १२० मिनिटांचा आहे. अभ्यासक्रमात जाळ्यांची मूलतत्त्वे २० टक्के, जाळ्यातील प्रवेश २० टक्के, आयपी जोडणी २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वे १५ टक्के आणि स्वयंचलन १० टक्के अशी विभागणी आहे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

या परीक्षेची दोन वैशिष्ट्ये अध्यापकाने ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिले असे की, एकदा पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परत येता येत नाही. त्यामुळे अंदाजाने उत्तर देऊन नंतर ते तपासण्याची सोय नाही. दुसरे असे की, ही परीक्षा वाचनाची आहे. जाळ्याची आकृती, राउटरने दिलेली माहिती आणि इंग्रजीतील चार-पाच ओळींचा प्रश्न वाचून विद्यार्थ्याला निर्णय घ्यावा लागतो. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. त्यातच परीक्षेचे शुल्क अमेरिकन डॉलरमध्ये आकारले जाते. २०२० मध्ये ते ३०० डॉलर होते. अनुत्तीर्ण झाल्यास हे शुल्क पुन्हा भरावे लागते. सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्यासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणूनच अभ्यासपद्धतीची निवड हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

२. माध्यमांविषयीचा सैद्धान्तिक विचार :

शिक्षणात कोणते माध्यम श्रेष्ठ, हा वाद जुना आहे. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, माध्यम हे केवळ वाहन असते. अध्ययन घडते ते अध्यापनाच्या पद्धतीमुळे. १९८४ मध्ये गॅव्रिएल सॅलोमन यांनी एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधले. दूरचित्रवाणीवरून शिकणे सोपे आणि छापील मजकुरावरून शिकणे अवघड असा मुलांचा समज असतो. या समजामुळेच पडद्यासमोर बसलेले मूल कमी मानसिक श्रम घेते आणि त्या प्रमाणात कमी शिकते, असे त्यांना आढळले.

दुसऱ्या बाजूने, ॲलन पायविओ यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार शब्द आणि प्रतिमा या दोन्ही रूपांत साठवलेली माहिती अधिक सहज आठवते. रिचर्ड मेयर यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते चित्राबरोबर निवेदन ऐकवणे उपयुक्त ठरते, परंतु चित्र, निवेदन आणि तोच मजकूर पडद्यावर एकाच वेळी दिल्यास लक्ष विभागले जाते. तसेच दीर्घ पाठापेक्षा विद्यार्थ्याच्या गतीने पुढे सरकणारे लहान भाग अधिक परिणामकारक ठरतात.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेले प्रयोगही येथे लक्षणीय आहेत. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. मात्र एका आठवड्यानंतर, वाचन थांबवून स्वतःची चाचणी घेणारे विद्यार्थी पुढे होते. अर्थात चित्रफीत दोनदा पाहणे किंवा प्रकरण दोनदा वाचणे, यांपैकी कोणतीही गोष्ट आठवण्याच्या सरावाची जागा घेऊ शकत नाही.

३. चित्रफितीचे सामर्थ्य :

कालानुसार बदलणारी प्रक्रिया समजावून देण्यात चित्रफीत सरस ठरते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्पॅनिंग ट्री ही पद्धत. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी तिची रचना केली. स्विच परस्परांना एकाहून अधिक मार्गांनी जोडलेले असले की माहिती जाळ्यात गोल गोल फिरत राहण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी ही पद्धत काही मार्ग तात्पुरते बंद ठेवते. तिच्या मूळ रूपात नव्याने जोडलेले पोर्ट १५ सेकंद ऐकण्याच्या व १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थेत राहते आणि त्यानंतरच माहिती पुढे पाठवू लागते. पुस्तकातील आकृती यांतील एकच क्षण दाखवते. चित्रफितीत मात्र केबल जोडल्यावर नारिंगी दिसणारा दिवा सुमारे अर्ध्या मिनिटाने हिरवा होताना दिसतो आणि त्या अर्ध्या मिनिटाचे कारण निवेदक त्याच वेळी सांगतो.

अनुभवी व्यक्ती दोष कसा शोधते, हेही चित्रफितीतून दिसते. संपर्क होत नसेल तर आधी केबल, मग पोर्ट, मग पत्ता, मग मार्ग असा क्रम ती मोठ्याने विचार करत पार पाडते. पुस्तकात बहुधा बरोबर आलेले उत्तरच छापलेले असते. फसलेले प्रयत्न छापलेले नसतात. याखेरीज पारिभाषिक शब्दांचे उच्चार कानावर पडतात. वर्गात प्रश्न विचारण्यास कचरणाऱ्या विद्यार्थ्याचा संकोच त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

४. पुस्तकाचे सामर्थ्य :

नेमकेपणा, संपूर्णता आणि हवे तेथे थांबण्याची मोकळीक हे पुस्तकाचे गुण आहेत. सबनेटिंगचे गणित घेऊ. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कोणत्या उपजाळ्यात येतो, असा प्रश्न आहे. ३२ पैकी २६ बिट जाळ्यासाठी गेले, उरले ६; म्हणजे प्रत्येक उपजाळ्यात ६४ पत्ते. उपजाळी ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. ७७ हा आकडा ६४ पासून सुरू होणाऱ्या गटात येतो. म्हणून जाळ्याचा पत्ता ६४, सर्वांना उद्देशून संदेश पाठवण्याचा पत्ता १२७ आणि वापरता येण्याजोगे पत्ते ६५ ते १२६, म्हणजे एकूण ६२. दुसऱ्याने सोडवलेले हे उदाहरण पडद्यावर पाहताना सोपे वाटते. परंतु कागद-पेन्सिल घेऊन अशी उदाहरणे दररोज सोडवल्याखेरीज परीक्षेतील वेग येत नाही.

सूक्ष्म नियमांच्या बाबतीतही पुस्तकच उपयोगी पडते. राउटर मार्ग कसा निवडतो, हे पाहा. हाताने दिलेल्या मार्गाचे प्रशासकीय अंतर १ असते आणि ओएसपीएफने शिकलेल्या मार्गाचे ११०. कमी अंतराचा मार्ग अधिक विश्वासार्ह मानला जातो. एवढेच ऐकलेला विद्यार्थी हाताने दिलेला मार्ग नेहमीच जिंकतो असे समजून बसतो. वस्तुतः हाताने दिलेला मार्ग १०.१.०.०/१६ साठी आणि ओएसपीएफचा मार्ग १०.१.१.०/२४ साठी असेल, तर १०.१.१.५ कडे जाणारी माहिती ओएसपीएफच्या मार्गानेच जाते; कारण अधिक नेमका जुळणारा मार्ग प्रथम निवडला जातो. एकाच जाळ्यासाठी आणि तितक्याच लांबीच्या उपसर्गासाठी दोन मार्ग कळले असतील, तरच प्रशासकीय अंतराची तुलना होते. असे वाक्य दोनदा वाचावे लागते, समासात खूण करावी लागते आणि आठ दिवसांनी पुन्हा उघडून पाहावे लागते. शिवाय परीक्षेसाठी लागणारी इंग्रजी वाचनाची सवय पुस्तकामुळेच लागते.

५. दोन्ही साधनांच्या मर्यादा :

चित्रफितीचा मोठा धोका म्हणजे समजल्याचा भास. निवेदक सहजपणे आज्ञा टाइप करतो, सर्व काही सुरळीत चालते आणि ते कौशल्य आपलेच आहे असे पाहणाऱ्याला वाटू लागते. सॅलोमन यांचे निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. काठावरून पाहणाऱ्याला फक्त पोहणारा दिसतो.

दुसरा धोका कालबाह्यतेचा आहे. जुन्या परीक्षेसाठी तयार केलेल्या चित्रफिती महाजालावर तशाच राहतात. २००-३०१ परीक्षेने ईआयजीआरपीच्या मांडणीसारखे काही भाग वगळले. २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या तिच्या १.१ आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेसारखे विषय आले. पुस्तकालाही हा नियम लागू आहे. ग्रंथालयातील जुनी आवृत्ती मूलतत्त्वांसाठी चालेल, परीक्षेसाठी चालेलच असे नाही. वेन्डेल ओडम यांच्या अधिकृत मार्गदर्शक ग्रंथाचे दोन खंड आहेत. त्यांचा आकार पाहूनच अनेक विद्यार्थी धीर सोडतात, ही पुस्तकाची व्यावहारिक मर्यादाही मान्य करावी लागेल.

परीक्षेतील फुटलेले प्रश्न पाठ करण्याचा तिसरा मार्गही बाजारात विकला जातो. तो परीक्षेच्या नियमांचा भंग करणारा आहे. त्यामुळे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि मुलाखतीतील पहिल्याच प्रश्नाला उघडे पडण्याची वेळ येते.

६. प्रात्यक्षिकाचा दुवा :

पुस्तक आणि चित्रफीत यांना जोडणारा दुवा म्हणजे प्रात्यक्षिक. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यावर राउटर, स्विच व संगणक यांचे आभासी जाळे साध्या संगणकावरही उभारता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची पद्धत येथे मार्गदर्शक ठरेल. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या त्या प्रकल्पात पडद्याच्या एका बाजूला लहान पाठ चालू असतो आणि दुसऱ्या बाजूला विद्यार्थी तीच कृती स्वतः करत असतो. हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. नेटवर्किंगच्या चित्रफितीही याच रीतीने, थांबवत थांबवत पाहिल्या तर त्यांचा लाभ कितीतरी पटींनी वाढेल.

७. सुचवलेला अध्ययनक्रम :

प्रत्येक घटकासाठी पुढील चार पायऱ्यांचा क्रम उपयुक्त ठरू शकेल. ओएसपीएफ हा घटक उदाहरणादाखल घेतला आहे.

(अ) प्रथम दहा-पंधरा मिनिटांची चित्रफीत पाहून राउटर परस्परांचे शेजारी कसे होतात, याचे चित्र मनात उभे करावे. या वेळी टिपणे काढू नयेत.

(आ) त्यानंतर पुस्तकातील संबंधित प्रकरण वाचावे. हॅलो संदेश १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद तो न आल्यास शेजारी बंद पडला असे मानले जाते, यांसारखी नेमकी माहिती स्वतःच्या शब्दांत लिहून काढावी.

(इ) पॅकेट ट्रेसरवर दोन राउटर जोडून एकावर हॅलोचा कालावधी बदलावा. काय घडेल याचा अंदाज आधी कागदावर लिहावा आणि मगच पाहावे. शेजारसंबंध थोड्याच वेळात तुटतो. अंदाज चुकला असेल तर पुन्हा पुस्तकाकडे वळावे.

(ई) एका आठवड्यानंतर पुस्तक व चित्रफीत दोन्ही बंद ठेवून कोऱ्या कागदावर तो घटक मांडावा आणि प्रश्न सोडवावेत. जेथे अडेल तेवढाच भाग पुन्हा पाहावा.

सबनेटिंगसारख्या गणिती घटकात पहिल्या पायरीला कमी आणि दुसऱ्या पायरीला अधिक वेळ द्यावा. स्पॅनिंग ट्रीच्या बाबतीत याच्या उलट करावे.

८. अध्यापकाची भूमिका :

चित्रफितीमुळे अध्यापकाची गरज संपते, असा समज निराधार आहे. चांगल्या-वाईट चित्रफितींच्या गर्दीतून योग्य आवृत्तीची निवड करणे, ती नेमक्या ठिकाणी थांबवून ‘पुढे काय होईल?’ असा प्रश्न विचारणे आणि जाळ्यात मुद्दाम दोष ठेवून तो शोधायला लावणे ही कामे अध्यापकच करू शकतो. ग्रंथालयात पुस्तकाची चालू आवृत्ती व प्रयोगशाळेत पॅकेट ट्रेसर एवढी सोय असल्यास अल्प खर्चात असा वर्ग चालवता येईल. परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने पूर्ण वेळेची सराव चाचणी दिली आहे, याची खातरजमा अध्यापकाने केल्यास त्याच्या कुटुंबाचे पैसेही वाचतील.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, चित्रफीत विषयाचे दार उघडते, पुस्तक विषयाच्या आत नेते आणि प्रात्यक्षिक तेथे स्वतः वावरायला शिकवते. यांपैकी एकाच साधनावर विसंबणारा विद्यार्थी परीक्षेत वा नोकरीत कोठे ना कोठे अडखळण्याची शक्यता अधिक असते. साधने आज मुबलक आहेत. त्यांचा क्रम आणि प्रमाण ठरवून देणारा विचार मात्र महाविद्यालयातील अध्यापकालाच पुरवावा लागेल. तसे झाल्यास खेड्यातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा विद्यार्थीही या परीक्षेला आत्मविश्वासाने सामोरा जाऊ शकेल.