माडीवर यंत्र ठेवण्याआधी

आमची शाळा पूर्वी एका जुन्या वाड्यात भरत असे. वर लाकडी माडी होती. खाली पहिलीची मुलं बसत. एकदा आम्ही पुस्तकांचं लोखंडी कपाट माडीच्या मधोमध ठेवलं. पंधरा दिवसांनी पाहतो तो खालची तुळई वाकलेली! सुतार म्हणाला, "गुरुजी, आधी पोरं बाहेर काढा. मग कपाट भिंतीकडे घ्या." आम्ही ऐकलं, म्हणून निभावलं.

संगणकाच्या इमारतीतही हीच काळजी असते. कचेरीत टेबलावर दिसतो तो संगणक हलका. पण बँका, रेल्वे यांचे हिशेब ठेवणारे संगणक उंच कपाटांत रचलेले असतात. असे भरलेले कपाट १,००० किलोचेही असते. म्हणजे दहा क्विंटल धान्य! आणि जागा किती? दोन फूट रुंद, साडेतीन फूट लांब. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. तिथे हे कसे चालेल?

पहिले संगणक तर फारच अवजड. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १९४६ साली एनिॲक नावाचा संगणक लोकांना दाखवला. त्याचे वजन सुमारे ३० टन होते.

म्हणून इंजिनियर आधी इमारतीचा नकाशा पाहतो. तुळया कुठे, खांब कुठे, स्लॅबमध्ये गज किती, हे तपासतो. मग भार पसरवतो. चिखलात गाडीचं चाक रुतलं की आपण खाली फळी घालतो ना? तसेच इथे कपाटाखाली जाड लोखंडी पत्रा किंवा चौकट देतात. दोन रांगांत मोकळी जागा सोडतात. तिने वाराही खेळतो आणि भारही विरळ होतो. वीज गेली तर लागणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्या फार जड. त्या शक्यतो तळमजल्यावर ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते. अर्थात पुराचे पाणी शिरते तिथे ते नको.

पुष्कळ ठिकाणी स्लॅबवर लोखंडी पाय उभे करून त्यांवर दुसरी जमीन करतात. तिच्या फरश्या दोन फुटी चौकोनी असतात. खालून तारा व गार हवा जाते. ही जमीन मजबूत दिसली तरी फसू नये. सगळा भार शेवटी खालच्या स्लॅबवरच उतरतो.

आणखी एक. कपाट जागेवर पोचेपर्यंतची वाट, लिफ्टसुद्धा, तपासावी लागते. चाकं लहान, त्यामुळे सगळा भार चार ठिकाणीच येतो. वाटेवर पत्रे अंथरतात. तारांसाठी एखादी फरशी उघडी राहिली आणि चाक आत गेलं, तर कपाट हमालाच्या अंगावर येईल. म्हणून आधी फरशी बसवतात, मगच कपाट ढकलतात.