मोबाइलचं व्यसन नुसते तास मोजून कळतं का?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. घरात आवाज नको, म्हणून मुलाच्या हातात मोबाइल देणं सोपं वाटतं. पालघरहून डहाणू लोकलने कामाला जाणाऱ्या पालकांचीही अडचण अशीच असते. मग ही सवय व्यसन कधी होते?

ओळखायचं कसं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तासांची अट नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, ही लक्षणं साधारण १२ महिने दिसावी लागतात. 'इंटरनेटचं व्यसन' असा वेगळा आजार त्या यादीत नाही.

लक्ष का उडतं?

रील्समध्ये पुढचा व्हिडिओ कंटाळवाणा निघेल की भन्नाट, हे माहीत नसतं. या उत्सुकतेपोटीच बोट सरकत राहतं. पुस्तकाचं पान इतक्या झटपट मजा देत नाही. त्यात अभ्यास करताना मोबाइल वाजला, की मन पुन्हा गणिताकडे वळायला वेळ लागतो.

पण दरवेळी दोष मोबाइलचाच नसतो. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी सुरू होतात आणि घरी, शाळेत अशी एकाहून अधिक ठिकाणी दिसतात. तशी शंका आल्यास डॉक्टरांना दाखवावं.

काय करता येईल?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक उपाय शोधला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला, की टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास, वाचन करायचं. नियम मोठ्यांनाही लागू होता. फक्त मुलांना अडवलं असतं, तर ते टिकणं कठीण होतं.

बोईसरमध्ये सगळ्यांची संध्याकाळ ७ वाजता होत नाही. त्यामुळे पाळी पाहून प्रत्येक घराने आपला तास ठरवावा. त्या वेळी घरातले सगळे फोन एका जागी ठेवावेत. झोपताना मुलाजवळ फोन नको.

फोन काढून घेतल्यावर मूल हिंसक होत असेल, शाळा किंवा झोप सुटली असेल, तर सरकारच्या टेली-मानस या मोफत हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, बोलता येतं.