छायाचित्राखालची ओळ

पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी इथल्या काजव्यांचे फोटो हौशी छायाचित्रकारांमध्ये फिरू लागले की पहिला प्रश्न ठरलेला : सेटिंग काय होतं? प्रश्न जुनाच आहे, उत्तर मात्र गेल्या तीसेक वर्षांत पार बदललं.

रोलच्या जमान्यात ते मिळणंच कठीण. रोल संपून धुऊन येईपर्यंत कोणता फोटो एफ ८ वर काढला आणि कोणता एफ १६ वर, हे वहीत टिपलेलं असेल तरच कळे. १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया ही स्लाइड फिल्म रंगांसाठी नावाजली गेली, पण तिचा आयएसओ ५० आणि उजेडाचा अंदाज जरा चुकला तरी फ्रेम वाया. ज्यांना खरंच शिकायचं होतं, ते वही जपत.

पुढे ती वही कॅमेराच लिहू लागला. एक्झिफचं प्रमाण जपानमध्ये १९९५ मध्ये ठरलं. शटर, अॅपर्चर, आयएसओ सगळं फोटोच्या फाइलीतच नोंदलं जाऊ लागलं. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आणि २००४ मध्ये निकॉनचा डी७० आला, डिजिटल एसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. फ्लिकरही २००४ चंच. तिथे फोटोसोबत हे आकडे सर्वांना पाहता येत. हौशी छायाचित्रणातला हा सर्वांत दिलदार काळ, असं मी मानतो. चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी फुलवणारा सरडा कुणी टिपला की शटर १/१००० होतं हे आकडे सांगत. पण तापल्या कातळावर पालथं पडून कॅमेरा सरड्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणला होता, हे तो माणूस आपणहून लिही. नवख्यांना खरा उपयोग त्या वाक्याचा होई.

काजव्यांनी आकड्यांच्या या ओळीची मर्यादा उघड केली. एफ २.८, आयएसओ १६००, ३० सेकंद हे झालं एका फ्रेमचं सेटिंग. झाडं लखलखून टाकणारे बरेचसे फोटो अशा कित्येक फ्रेम एकावर एक चढवून होतात. तेवढे काजवे एका क्षणी डोळ्यांना दिसत नाहीत. या तंत्रावर माझा आक्षेप नाही, ते न सांगण्यावर आहे. तसल्या फोटोंच्या ओढीनं रानात गेलेला माणूस टॉर्च मारत काजवे शोधतो आणि त्यांचे प्रकाशाचे इशारे त्या झोतात हरवतात. २०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट आलं, तेव्हापासून फ्रेम जुळवण्याचं काम फोनही रात्री मुकाट्यानं करतो. त्यामुळे आता सेटिंगसोबत फ्रेम किती, हेही विचारावं लागतं.

एक्झिफमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जाऊ शकतात. घरट्यांचे फोटो काढणारी जाणती मंडळी ते पुसूनच फोटो पाठवतात, आणि कुणी जागा विचारली तर फक्त तालुका सांगतात.